खैरनारबाईंचं एक वाक्य

"तुमच्या डोळ्यांत पाणी कसं नाही आलं, बाई?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"यायला हवं होतं का?"



गिरणेकाठच्या त्या गावात शाळेच्या मोठ्या वर्गात दुपारी सिनेमा दाखवला होता. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. सिनेमा एका शिक्षकाचा होता. तो शिक्षक म्हणजे खैरनारबाई, आणि सिनेमा काढणारा हिलाल बोरसे हा त्यांचाच विद्यार्थी. बाया रडल्या होत्या. सरपंच रडले होते. हल्लीचे मुख्याध्यापक तर उठून बाहेर गेले होते आणि तोंड धुऊन परत आले होते.

आता सगळे पांगले होते. वर्गात दोघंच उरली होती.

"तो उंच माणूस कोण रे?" बाईंनी विचारलं.

"कुठला?"

"सारखा बोलत असतो तो."

"तुम्ही, बाई. तुमचीच भूमिका आहे ती."

"मी?"

"निर्माते म्हणाले, बाईंच्या जागी मास्तर करू. मोठा नट मिळतो. सिनेमा चालतो."

"चालला का?"

"चालला म्हणजे? राज्यभर चालला. शिक्षक लोक रांगा लावून बघतात. सिनेमा बघून कितीतरी जणांनी परत शिकवायची उमेद धरली. मला फोन येतात, बाई."

"चांगलं झालं."

बाई उठल्या. एका खिडकीवरची सतरंजी त्यांनी काढली. घडी घातली. मग दुसरी.

हिलालही उठला आणि घड्या घालू लागला. त्याला वाटत होतं, बाई अजून काहीतरी म्हणतील. इतकी वर्षं त्यानं याच दुपारची वाट पाहिली होती. मुंबईत पहिल्या खेळाला टाळ्या थांबत नव्हत्या, तेव्हाही त्याच्या मनात हेच होतं... बाई काय म्हणतील?

"एसटी स्टँडवरचा प्रसंग कसा वाटला?" शेवटी त्यानंच विचारलं.

त्या प्रसंगात मुलगा शाळा सोडून मामाबरोबर सुरतेला निघालेला असतो, मागावर काम करायला. गाडी सुटते. मास्तर धावत येतो, गाडीसमोर उभा राहतो आणि बोलू लागतो. ड्रायव्हर गाडी बंद करतो. प्रवासी खाली उतरून ऐकतात. शेवटी मास्तर म्हणतो, "थांबू नको. पुढे अजून आहे!" मुलगा उतरतो.

"छान केलाय," बाई म्हणाल्या. "पण गाडी थांबवून त्याला थांबू नको म्हणतो, ते जरा..."

"बाई, स्टँडवर तुम्ही आला नव्हता, मान्य. ते सिनेमासाठी. पण वाक्य तुमचं आहे. तेवढं एक मी बदललं नाही."

"कुठलं वाक्य?"

हिलालच्या हातातली सतरंजी अर्धी तशीच राहिली.

हे वाक्य त्यानं प्रत्येक मुलाखतीत सांगितलं होतं. सातवीत असताना बापानं त्याला सुरतेला पाठवायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मामा न्यायला येणार होता. हे त्यानं शाळेत कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी त्या दिवशी भर वर्गात बाईंनी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं, थांबू नको, पुढे अजून आहे. तो घरी गेला आणि बापाला नाही म्हणाला. मार खाल्ला. पण गेला नाही. पुढे शिकला, मुंबईला गेला, उपाशी राहिला, धक्के खाल्ले. प्रत्येक वेळी हे वाक्य त्याच्या कानात होतं.

हे सगळं त्यानं आता बाईंना सांगितलं. पुन्हा एकदा, सावकाश.

बाई ऐकत होत्या. ऐकताना त्यांची नजर वर्गातल्या बाकांवरून फिरत होती. एका जागी ती थांबली.

"तू खिडकीशी बसायचास," त्या म्हणाल्या.

"हो! आठवतंय ना तुम्हाला?"

"तुझ्यामागे मथुरा."

"असेल."

"ती उभी राहून धडा वाचत होती. पहिल्यांदाच. एरवी तोंडातून शब्द नाही निघायचा तिच्या. मी मुद्दाम उठवलं होतं. बरं वाचत होती... मध्येच थांबली."

हिलाल ऐकत राहिला.

"मी म्हटलं, थांबू नको, पुढे अजून आहे."

बाहेर कुणीतरी सायकल काढत होतं. स्टँड खडखडला.

"तिला म्हटलं?" हिलालनं विचारलं.

"तिला."

"माझ्याकडे बघून..."

"तू मध्ये होतास."

हिलाल बाकावर बसला. मुलांचा बाक होता. गुडघे वर आले.

"तुम्ही विसरलात, बाई. फार वर्षं झाली."

"विसरले असते तर बरं होतं."

"म्हणजे?"

"तिनं नाही वाचलं. मी परत म्हटलं, जोरात. ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही." बाईंनी सतरंजीवरची धूळ झटकली. "तिच्या घरी जायचं म्हणत होते. परीक्षा आल्या. मग सुट्टी लागली. मग कळलं, लग्न ठरलं... राहून गेलं."



"नोकरीत बऱ्याच चुका झाल्या," बाई म्हणाल्या. "रात्री आठवते ती ही एक."

हिलालचा आवाज चढला. "मग माझं काय? मी सगळ्या जगाला सांगत फिरलो, बाई! पोस्टरवर छापलंय ते वाक्य. उद्या संध्याकाळी तालुक्याला तुमचा सत्कार आहे. नट येतोय, आमदार येताहेत. स्टेजवर तुम्ही ते वाक्य म्हणायचं असं ठरलंय. आणि तुम्ही म्हणता ते माझ्यासाठी नव्हतंच?"

"तू सुरतेला गेलास का?"

"नाही."

"मग झालं."

"झालं कसं?"

बाईंनी घड्या घातलेल्या सतरंज्या कोपऱ्यात रचून ठेवल्या. दाराशी जाऊन चपला घातल्या.

"मथुरेला दाखवलास का सिनेमा?" त्यांनी जाताजाता विचारलं.

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

हिलालला रात्री झोप लागली नाही. पहाटे पहाटे त्याच्या मनानं घेतलं की बाईंचं वय झालंय, त्यांची गल्लत होतेय. मथुरेला विचारलं की सगळं स्पष्ट होईल. ती म्हणेल, छे, मी कधी वाचायला उभीच राहिले नाही. तिनं तसं म्हणावं, अशी त्याची फार इच्छा होती.

सकाळी तो गाडी घेऊन निघाला. मथुरा नदीपलीकडच्या पिंपरखेडला दिली होती. तिचं घर सापडायला वेळ लागला नाही. गावात हिलालला सगळे ओळखत होते, प्रत्येक जण वाट दाखवायला गाडीबरोबर चालू लागला.

मथुरा गच्चीवर होती. खाटेवर धोतर पसरून ती ज्वारीचे पापड, बिबड्या, वाळत घालत होती. तिनं वरूनच पाहिलं.

"हिलाल? ये, वर ये. जिना जपून चढ."

तो वर गेला. तिनं हात पुसले, त्याला पाणी दिलं आणि पुन्हा बिबड्या थापायला बसली. ओल्या बिबडीचा एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"सिनेमा बघितला तुझा," ती म्हणाली. "सुनेनं मोबाइलवर दाखवला."

"कसा वाटला?"

"चांगला आहे. मास्तर लई बोलतो." ती हसली. "आपल्या बाई कुठं एवढ्या बोलायच्या?"

हिलालला आता थांबवेना. "मथुरा, सातवीत तू एकदा धडा वाचायला उभी राहिली होतीस. आठवतं?"

तिचा हात थबकला. मग पुन्हा चालू लागला.

"आठवतं की."

"बाई काय म्हणाल्या होत्या?"

"थांबू नको, पुढे अजून आहे."

त्यानं मान खाली घातली. हातातला तुकडा त्यानं अजून खाल्ला नव्हता.

"सिनेमात तो मास्तर तसं म्हणाला ना," मथुरा म्हणाली, "तेव्हा मी सुनेला म्हटलं, हे तर मला म्हटलेलं. ती म्हणाली, आत्या, काहीतरीच. मग मी गप बसले."

"तू वाचलं का नाहीस मग? बाई एवढं म्हणत होत्या..."

"पुढे नव्हतं."

"काय?"

"पान. माझ्या पुस्तकात पान नव्हतं पुढचं. पुस्तक चुलत भावाचं होतं, मला जुनं मिळालेलं. त्यानं पान फाडून होडी केली असेल, नाहीतर काय केलं असेल, देव जाणे. मी पान उलटलं तर एकदम दुसराच धडा." तिनं नवा गोळा घेतला. "बाई म्हणतात, पुढे आहे. मी बघते, पुढे नाही."

"मग सांगायचं ना तसं!"

मथुरेनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही पाहिलं.

"सगळे हसत होते, हिलाल. तू पण."

गच्चीवर ऊन चढत होतं. खाली कुणीतरी गाडीभोवती जमलेल्या मुलांना हाकलत होतं.

"मी हसलो होतो?"

"मागं वळून. तुझा एक दात पडलेला होता पुढचा."

दात पडलेला होता, हे खरं होतं. त्याआधीही एकदा बापानं मारलं होतं तेव्हा. हिलालनं जिभेनं ती जागा चाचपली. तिथं आता दुसरा दात होता.

"शाळा त्यासाठी सोडलीस?"

"दुसऱ्या दिवशी परत मलाच उठवलं असतं. म्हणून नाही गेले. तिसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही आली म्हणून विचारतील. म्हणून नाही गेले. मग..." तिनं हात झटकले. "मग नाहीच गेले. घरात कामाला हात हवाच होता. कुणी काही म्हटलं नाही."

"वाचतेस आता?"

"वाचते की. पेपर येतो. श्रावणात पोथी वाचते. मनातल्या मनात. मोठ्यानं नाही वाचत."

तिनं जेवून जा म्हटलं. तो नको म्हणाला. जिना उतरताना ती वरून म्हणाली, "बाई बऱ्या आहेत ना?"

"आहेत."

"सांग त्यांना, मथुरा विचारत होती."

दुपार कलल्यावर हिलाल बाईंच्या घरी गेला तेव्हा बाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी सत्कारासाठी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं. केसात शेवंतीचं फूल होतं, शेजारच्या कुणीतरी हट्टानं खोवलेलं. हिलालच्या फोनवर सारखे फोन येत होते. नट सभागृहात पोचला होता. हार आले होते. बाई कुठे आहेत, असं सगळे विचारत होते.

त्यानं बाईंना गाडीत बसवलं. गाडी गावाबाहेर पडली.

मग त्यानं सगळं सांगितलं. बिबड्या, मोबाइल, पान. होडीचंही सांगितलं. वर्ग हसत होता, हे सांगितलं. आपण हसत होतो, हेही सांगितलं. ते सांगताना त्याची नजर रस्त्यावर होती.

बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. केळीच्या बागा मागे पडत होत्या.

"पान नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नव्हतं."

"मला वाटलं, घाबरली... एवढी वर्षं मला वाटत होतं, घाबरली."

हिलाल म्हणाला, "बाई, म्हणजे तुमची चूक नव्हतीच. तुम्ही बरोबरच बोललात. तुमच्या पुस्तकात पुढे होतं."

बाई बाहेरच बघत राहिल्या.

"आणि मला तर त्याचा उपयोगच झाला. ते वाक्य कुणासाठी का असेना. मला वाटतं, स्टेजवर तुम्ही म्हणालात तरी ते खोटं होणार नाही. मी विचार केलाय यावर. तुम्ही नुसतं उभं राहा, मी..."

कालव्याच्या पुलापाशी रस्ता फुटत होता. डावीकडचा तालुक्याला जात होता. उजवीकडचा नदी ओलांडून पिंपरखेडला.

बाईंनी हात वर केला. वर्गात गोंधळ झाला की त्या असाच हात वर करीत, तळवा पुढे, बोटं जुळलेली. वर्ग गप्प होई.

हिलालनं गाडी थांबवली.

मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, बाजूनं गेला.

बाईंनी उजवीकडे बोट दाखवलं.

"बाई, सगळे थांबलेत तिकडे. आमदार..."

बोट तसंच राहिलं.

फोन पुन्हा वाजू लागला. हिलालनं तो उचलला, पाहिला आणि बंद करून ठेवला. गाडी उजवीकडे वळली.

त्या संध्याकाळी तालुक्याच्या सभागृहात लोकांनी बरीच वाट पाहिली. शेवटी नटानंच सत्कार घेतला. त्यानं ते वाक्य म्हटलं आणि टाळ्या पडल्या. कितीतरी शिक्षक रांगेनं स्टेजवर गेले आणि त्याच्या पाया पडले. त्यालाही गहिवरून आलं, असं म्हणतात.

इकडे गाडी पिंपरखेडला पोचली.

मथुरेच्या दारासमोर हिलालनं गाडी थांबवली. ती गच्चीवरच होती. वाळलेल्या बिबड्या गोळा करून टोपलीत रचत होती. गाडीचा आवाज ऐकून ती कठड्याशी आली. बाईंना उतरताना पाहिलं आणि टोपली तशीच टाकून जिन्याकडे धावली.

हिलाल पुढे झाला. त्याला काहीतरी करायचं होतं.

"बाई, तुम्ही दमलात. तुम्ही बसा, मी तिला सांगतो. तुम्ही तिच्यावर रागावला नव्हता, हे मी तिला नीट समजावून सांगतो."

बाईंनी मान हलवली. नाही.

"मग तुम्ही सांगणार?"

"नाही."

"मग कशाला आलो आपण?"

"विचारायला."

"काय विचारायला?"

"का थांबलीस म्हणून."

हिलाल गोंधळला. बाईंना खरंच विसर पडू लागला की काय, असं त्याला वाटलं. तो हळूच, समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाई, ते तर कळलं ना आता. पान नव्हतं. मी सांगितलं की तुम्हाला गाडीत..."

मथुरा जिना उतरून दारात आली होती. हाताला बिबड्यांचा चुरा लागला होता. नमस्कार करावा की आधी हात धुवावेत, हे न कळून ती उंबऱ्यातच उभी राहिली होती.

बाई तिच्याकडे चालू लागल्या. चालता चालता मागे न बघताच म्हणाल्या,

"तुला कळलं, हिलाल... मी तिला अजून विचारलेलं नाही."